इओसिनोफिल वाढले, म्हणजे दम्याचा झटका येणारच?

दम्याच्या रुग्णाच्या हातात हिमोग्रामचा रिपोर्ट पडला की नजर इओसिनोफिलच्या ओळीवर जाऊन थांबते. आकडा जाड ठशात छापलेला असेल तर घरात धास्ती पसरते. गोळ्या शोधल्या जातात, दही-केळी बंद होतात, नातेवाईक एकेक नवा उपाय सुचवतात. आकडा नॉर्मल निघाला तर उलट घडतं. ‘रिपोर्ट क्लिअर आहे’ असं म्हणत रोजचा पंप कपाटात जातो. माझ्या मते दुसरी प्रतिक्रिया पहिलीपेक्षा जास्त घातक आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. रोज घ्यायचा पंप मध्येच सोडून देणं हे त्यामागचं एक ठळक कारण आहे.

रक्ताच्या या आकड्याला अर्थ आहे, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो बराच स्पष्ट झाला आहे. पण रुग्णाची बाकीची हकिकत बाजूला ठेवून नुसता कागद वाचला, तर तो दिशाभूल करतो.

आधी ही पेशी काय करते ते पाहू. जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगवेगळ्या रंगांनी रंगवून पाहिल्या. त्यांपैकी काही पेशींमधले कण इओसिन नावाचा लालसर रंग भरभरून शोषत होते, म्हणून त्या पेशींना इओसिनोफिल हे नाव मिळालं. त्या अस्थिमज्जेत तयार होतात, रक्तात काही तास फिरतात आणि मग शरीराच्या ऊतींमध्ये शिरतात. दम्याच्या अनेक रुग्णांमध्ये इंटरल्युकिन-५ हे रसायन अस्थिमज्जेला ‘आणखी बनवा’ असा निरोप देत राहतं आणि या पेशी श्वासनलिकांच्या अस्तरात जमतात. तिथे त्या सूज वाढवतात, अस्तराला इजा करतात आणि कफ घट्ट करतात. अशा कफात सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार स्फटिक दिसतात. शार्को आणि लायडन या दोन डॉक्टरांच्या नावाने ते एकोणिसाव्या शतकापासून ओळखले जातात. ते इओसिनोफिलमधल्याच एका प्रथिनाचे बनलेले असतात. हे स्फटिक स्वतःच सूज पेटवतात, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं.

म्हणजे खरी घडामोड छातीत होते आणि आपण मोजतो ती रक्तात. आळंदी-पुण्याच्या रस्त्यावरची गर्दी पाहून पंढरपुरात किती वारकरी पोचले असतील याचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार आहे. बऱ्याचदा अंदाज बरोबर निघतो, पण तो अंदाजच राहतो.

गैरसमज: टक्का जास्त म्हणजे इओसिनोफिल जास्त

रिपोर्टवर ‘इओसिनोफिल ८ टक्के’ असं लिहिलेलं असतं. हे आठ टक्के एकूण पांढऱ्या पेशींपैकी असतात. एखाद्याच्या पांढऱ्या पेशी ५,००० असतील तर आठ टक्क्यांचे होतात ४००. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी ११,००० आहेत आणि इओसिनोफिल ‘फक्त’ चार टक्के आहेत, तर त्याचे होतात ४४०. रिपोर्टमध्ये पहिल्याच्या आकड्यावर खूण असते, दुसऱ्याच्या नसते. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या रक्तात या पेशी जास्त आहेत.

म्हणून छातीचे डॉक्टर टक्क्याऐवजी प्रत्यक्ष संख्या पाहतात. तिला लॅबच्या भाषेत ‘अॅब्सोल्यूट इओसिनोफिल काउंट’ किंवा थोडक्यात एईसी म्हणतात. बहुतेक लॅब दर घनमिलिमीटरला साधारण ५०० पर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. दम्याच्या संदर्भात मात्र १५०, ३०० आणि ४०० हे आकडे जास्त कामाचे आहेत, आणि हे तिन्ही लॅबच्या ‘नॉर्मल’मध्येच बसतात. जाड ठसा नाही म्हणून निर्धास्त होणारा रुग्ण इथे फसतो.

गैरसमज: आकडा वाढला, आता झटका येणारच

या प्रश्नावरचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या १,३०,२४८ दमेकऱ्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. ज्यांचा आकडा ४०० च्या वर होता, त्यांना पुढच्या वर्षभरात तीव्र झटके इतरांच्या सुमारे १.४ पट आले. संबंध खरा आहे, आणि आकडा वाढत जाईल तसा धोकाही वाढत गेलेला दिसला.

पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू पाहा. ४०० च्या वर असलेले रुग्ण होते फक्त १६ टक्के. या दोन आकड्यांचा ढोबळ हिशेब मांडला, तर एकूण तीव्र झटक्यांपैकी जवळपास ८० टक्के झटके ज्यांचा आकडा ४०० च्या आत होता त्यांना आले असं निघतं. वाढलेल्या आकड्यामुळे एका माणसाचा धोका वाढतो, तरीही बहुतेक झटके वाढलेला आकडा नसलेल्यांना येतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि रिपोर्ट वाचताना दोन्ही ध्यानात ठेवाव्या लागतात.

शिवाय हा धोका वर्षभराचा आहे. पुढच्या मंगळवारी काय होईल ते रक्त सांगत नाही. झटका बहुधा कोणत्या तरी निमित्ताने येतो, आणि सर्वांत मोठं निमित्त म्हणजे साधी सर्दी. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दमा बळावण्याच्या सुमारे ८० टक्के प्रसंगांत श्वसनमार्गात विषाणू सापडले होते. मुलाला वर्गात कोणाकडून सर्दी लागेल, दिवाळीत शेजारी किती फटाके वाजवतील, मध्येच पंप संपला तर आणायला कोण जाईल, यातलं काहीही हिमोग्राममध्ये दिसत नाही.

काही दिवस आधी इशारा हवा असेल तर तो दुसरीकडे मिळतो. १९९९ मध्ये एका मोठ्या युरोपीय चाचणीतल्या ४२५ तीव्र झटक्यांचा मागोवा घेतला गेला. झटक्याच्या आधी अनेक दिवस पीक फ्लो, म्हणजे जोरात फुंकलेल्या श्वासाचा वेग, हळूहळू उतरत जातो आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने घसरतो, असं त्यात आढळलं. रात्रीची जाग आणि आराम देणाऱ्या पंपाचा वापरही त्याच सुमारास वाढतो. पीक फ्लो मीटर ही स्वस्त प्लास्टिकची नळी आहे. घरी सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकून आकडा वहीत लिहिणाऱ्या रुग्णाकडे येत्या आठवड्याची जी माहिती असते, ती कुठल्याही लॅबकडे नसते. इतकं साधं साधन आपल्या घरांमध्ये इतकं कमी दिसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज: आकडा नॉर्मल आहे, म्हणजे दमा गेला

नॉर्मल आकड्याची कारणं बरीच असतात आणि त्यांतली काही उपचारांमुळेच येतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळीने रक्तातले इओसिनोफिल काही तासांतच खाली येतात. रुग्ण धाप लागून दवाखान्यात येतो, आधी इंजेक्शन दिलं जातं, मग रक्त घेतलं जातं आणि रिपोर्टमध्ये इओसिनोफिल शून्य किंवा एक टक्का दिसतात. पुढे कोणीतरी त्या कागदावरून ‘तुम्हाला अॅलर्जीचा दमा नाही’ असा निष्कर्ष काढतं. तो आकडा औषधाने पाडलेला असतो.

औषध नसतानाही आकडा स्थिर राहत नाही. शरीरातलं कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं असतं, त्यामुळे दिवसा इओसिनोफिल कमी आणि रात्री जास्त असतात. सकाळी नऊचा रिपोर्ट आणि रात्रीचा रिपोर्ट एकाच माणसाचे असूनही वेगळे दिसू शकतात. त्यामुळे एका मोजणीवर काही ठरवू नये.

काही जणांच्या दम्यात इओसिनोफिलचा वाटा मुळातच कमी असतो. लठ्ठपणा, सिगारेट, चुलीचा धूर, वारंवारचे संसर्ग यांच्याशी जोडलेला दमा असा असू शकतो. त्यांचा आकडा नॉर्मलच राहतो, पण धाप खरी असते आणि झटकेही खरे असतात.

आकडा नॉर्मल असण्याचं सर्वांत चांगलं कारण म्हणजे रोजचा पंप नियमित चालू असणं. श्वासावाटे घेतलेलं स्टिरॉइड श्वासनलिकेतली सूज शमवतं. आकडा आणि त्रास दोन्ही ताब्यात आले म्हणून पंप थांबवला, की सूज पुन्हा वाढू लागते. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मराठी घरांत इतकं ऐकू येतं की ते खोडून काढायला एक लेख पुरायचा नाही. पंपाचं व्यसन लागत नाही. दमा हा लांब पल्ल्याचा आजार आहे, म्हणून औषधही लांब पल्ल्याचं लागतं. पंप कमी करता येतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि टप्प्याटप्प्याने.

खरा धोका कोणाला असतो, हे ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंच्या चौकशीतून दिसलं. हा अहवाल २०१४ मध्ये आला. ज्या रुग्णांची औषधाची नोंद मिळाली, त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांना शेवटच्या वर्षात तात्पुरता आराम देणारे १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. जवळपास ४५ टक्के लोक वैद्यकीय मदत मागण्याआधी किंवा ती पोचण्याआधीच गेले. अनेकांचा दमा ‘सौम्य’ किंवा ‘मध्यम’ समजला गेला होता. म्हणून मी कोणत्याही दमेकऱ्याला रक्ताच्या आकड्याआधी दोन प्रश्न विचारेन: गेल्या वर्षभरात स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा अॅडमिट होण्याची वेळ आली होती का, आणि तात्पुरता आराम देणारा सालब्युटामॉलचा पंप किती दिवसांत संपतो? वर्षाला तीन किंवा अधिक संपत असतील तर धोका वाढलेला आहे, असं ‘गिना’ ही दम्याविषयी मार्गदर्शन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था सांगते. पूर्वी येऊन गेलेला तीव्र झटका हा पुढच्या झटक्याचा सर्वांत भरवशाचा अंदाज देतो.

गैरसमज: इओसिनोफिल वाढले म्हणजे दमाच

इथे देश बदलला की उत्तर बदलतं. ब्रिटनने नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रौढ व्यक्तीची लक्षणं दम्यासारखी असतील आणि रक्तातले इओसिनोफिल लॅबच्या मर्यादेच्या वर असतील, तर दम्याचं निदान करावं असं त्यांत म्हटलं आहे. तिथे ते चालतं, कारण तिथे पोटात जंत क्वचितच असतात. आपल्याकडे जंत, खरूज, औषधाची रिअॅक्शन, त्वचेची अॅलर्जी अशा अनेक कारणांनी हाच आकडा चढतो. शाळा-अंगणवाड्यांमधून मुलांना जंतांवरचं अल्बेंडॅझोल वाटावं लागतं त्या देशात नुसत्या इओसिनोफिलवरून दमा ठरवता येत नाही.

आणखी एक आजार आपल्या भागातला आहे. १९४० मध्ये मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम् क्षयरोग रुग्णालयातल्या फ्रिमोड्ट-म्युलर आणि बार्टन या डॉक्टरांनी क्षयासारखा दिसणारा, पण रक्तात इओसिनोफिल प्रचंड वाढवणारा एक आजार नोंदवला. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिलं. हत्तीरोगाच्या जंतूंच्या सूक्ष्म अळ्यांवर शरीराने दिलेली ही तीव्र प्रतिक्रिया आहे, हे पुढे कळलं. रात्री खोकला उसळतो, छातीत घरघर होते, वजन घटतं आणि आकडा सहसा ३,००० च्या वर जातो. पूर्व विदर्भात हत्तीरोग अजून आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरला ही शक्यता डोक्यात ठेवावीच लागते. या आजाराला डायइथाइलकार्बामॅझिन, म्हणजे हत्तीरोगाच्या गोळ्या, चांगल्या लागू पडतात.

अडचण अशी की याच आजाराच्या आठवणीमुळे ‘इओसिनोफिलिया झालाय’ हे निदान घरोघरी रुळलं. आकडा ६०० दिसला की हत्तीरोगाच्या गोळ्यांचा कोर्स सुरू होतो, आणि ज्याला मुळात दमा आहे त्याला पंप मिळतच नाही. ३,००० आणि ६०० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा १,५०० च्या वर टिकून असेल, सोबत नाकात पॉलिप, हातापायांना मुंग्या किंवा अंगावर पुरळ असेल, तर रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक दुर्मिळ आजारही तपासावा लागतो. त्यासाठी तज्ज्ञाकडे गेलंच पाहिजे.

गैरसमज: आयजीई जितकं जास्त, तितका दमा गंभीर

एकूण आयजीई, म्हणजे अॅलर्जीशी जोडलेल्या प्रतिपिंडांची रक्तातली मोजणी, ही दुसरी आवडती तपासणी. आकडा ८०० आला की लोक घाबरतात. पण एकूण आयजीईवरून झटक्याचा अंदाज नीट बांधता येत नाही. इसब असलेल्याचं, जंत असलेल्याचं, नुसतीच सर्दीची अॅलर्जी असलेल्याचं आयजीईही खूप चढलेलं असतं. ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन द्यायचं असेल तर त्याचा डोस आयजीई आणि वजन पाहून ठरतो. ते सुरू झाल्यावर आयजीई पुन्हा मोजण्यात अर्थ नसतो, कारण औषधामुळे मोजमापात आकडा उलट वाढतो.

एका ठिकाणी मात्र हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. अॅस्परजिलस या बुरशीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या अॅलर्जीत एकूण आयजीई सहसा ५०० च्या वर असतं, आणि उपचारांनी उतरलेलं आयजीई पुन्हा दीडपटीने चढलं तर आजार परतल्याचा इशारा मिळतो. या आजाराचं प्रमाण भारतातल्या दम्याच्या दवाखान्यांत बरंच आहे. वारंवार स्टिरॉइड लागणाऱ्या, तपकिरी गोळे असलेला कफ पडणाऱ्या दमेकऱ्याची ही तपासणी राहता कामा नये.

विशिष्ट गोष्टीविरुद्धचं आयजीई किती बोलकं असू शकतं, हे मेलबर्नमध्ये दिसलं. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे वादळ झालं. राय गवताचे परागकण ओलाव्याने फुटून बारीक झाले आणि थेट छातीत गेले. श्वासाच्या तक्रारीने इमर्जन्सीत नेहमीपेक्षा ३,३०० हून अधिक रुग्ण जादा आले आणि दहा जण दगावले. तपासलेल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांमध्ये राय गवताविरुद्धचं आयजीई सापडलं. त्यांतल्या अनेकांना दमा असल्याचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं, फक्त वसंतात शिंका यायच्या. रुग्णांमध्ये भारतीय आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाणही लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. मेलबर्नमधल्या मराठी कुटुंबांनी ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या नाकाच्या अॅलर्जीकडे दुर्लक्ष करू नये, ते यासाठी.

सीआरपी आणि ईएसआर यांबद्दल थोडक्यात: या रक्ततपासण्या संसर्ग किंवा सूज आहे एवढंच सांगतात. पुढचा दम्याचा झटका त्यांवरून कळत नाही.

गैरसमज: हे आकडे लॅबच्या कमाईसाठी, उपचार त्यांनी बदलत नाहीत

इतकं वाचून कोणाला असं वाटेल, पण खरी कहाणी याच्या नेमकी उलट आहे. इंटरल्युकिन-५ ला अडवणारं मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन सुरुवातीला सरसकट दमेकऱ्यांना देऊन पाहिलं. २००७ मध्ये आलेल्या, ३६२ रुग्णांच्या चाचणीत त्याचा ठोस फायदा दिसला नाही. औषध जवळजवळ बाद झालं होतं. मग ब्रिटनमधल्या लेस्टर आणि कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या संशोधकांनी फक्त कफात इओसिनोफिल असलेले रुग्ण निवडले. २००९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: झटके स्पष्टपणे कमी झाले. औषध तेच होतं, रुग्णांची निवड बदलली होती.

लेस्टरच्याच गटाने २००२ मध्ये ७४ रुग्णांवर दाखवलं होतं की कफातले इओसिनोफिल पाहून औषध कमी-जास्त केलं, तर वर्षभरातले तीव्र झटके १०९ ऐवजी ३५ वर येतात, आणि त्यासाठी एकूण स्टिरॉइड जास्त लागत नाही. पण कफाची ही तपासणी किचकट आहे, ती मोजक्याच ठिकाणी होते. मेपोलिझुमॅबच्याच २०१२ च्या मोठ्या चाचणीत रक्तातल्या साध्या मोजणीवरूनही योग्य रुग्ण ओळखता येतात हे कळलं आणि वाट मोकळी झाली. २०१४ च्या चाचणीत उपचाराच्या वेळी किमान १५० किंवा मागच्या वर्षात कधीतरी किमान ३०० आकडा असलेले, वारंवार झटके येणारे रुग्ण घेतले होते. त्यांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. लॅबने ‘नॉर्मल’ म्हटलेले हेच ते आकडे.

आता पुढची पायरी चालू आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ चाचण्यांमधले, चाचणीतलं औषध न देता तुलनेसाठी ठेवलेले ६,५१३ रुग्ण एकत्र तपासले गेले. रक्तातले इओसिनोफिल आणि उच्छ्वासातलं नायट्रिक ऑक्साइड दोन्ही वाढलेले असतील, तर धोका एकट्या आकड्यापेक्षा जास्त नेमका कळतो असं त्यात दिसलं. झटका चालू असतानाही हा आकडा कामी येऊ लागला आहे. २०२४ च्या एका ब्रिटिश चाचणीत दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घ आजार) बळावलेल्या आणि त्याच वेळी आकडा ३०० किंवा त्याहून अधिक असलेल्या १५८ रुग्णांना घेतलं होतं. नुसत्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांचा उपचार ९० दिवसांत अपुरा ठरला. बेनरॅलिझुमॅब इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के होतं. ही औषधं भारतात मिळतात, पण किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि त्यांची पाळी पंप बरोबर ओढला जातो की नाही हे तपासल्यानंतरच येते. आकडा चढलेला असूनही पंपाचं तंत्र चुकत असेल, तर महागड्या इंजेक्शनआधी ते दुरुस्त करावं.

म्हणून जुने हिमोग्राम फेकू नका. प्रत्येक कागदावर पेनाने लिहून ठेवा: रक्त किती वाजता दिलं, त्याआधीच्या महिन्यात स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं होतं का, पंप रोज चालू होता का. टक्क्याशेजारी एईसी छापलेलं नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना टक्क्याने गुणून १०० ने भागा आणि ती संख्या बाजूला मांडा. तीन-चार वर्षांचे असे कागद, पीक फ्लोची वही आणि संपलेल्या पंपांची संख्या समोर ठेवली, की छातीच्या डॉक्टरांना त्या एका आकड्याचा अर्थ लावता येतो.